सुटं न मिळणारं नाणं

नरहर गुरुजी तसे वाईट माणूस नव्हते. कुणाला उणंदुणं बोलले नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात पडले नाहीत, आणि निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा रुमालाने पुसून परत केली. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना पाहवत नसे. शेजाऱ्याच्या आंब्याला मोहोर धरला की यांच्या पोटात दुखायला लागे. बरोबरीच्या एका मास्तरांना आदर्श शिक्षक ठरवलं, तेव्हा गुरुजी सत्काराला पहिल्या रांगेत बसले, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन भरलं ताट बाजूला सारलं. बायकोने, मीराबाईंनी विचारलं, "बरं नाही का वाटत?" तर म्हणाले, "ऊन लागलं." महिना डिसेंबरचा होता.

अशा माणसाला छंद लागावा तोही नाणी जमवण्याचा! भजनाचा लागला असता, बागेचा लागला असता, तर आयुष्य बरं गेलं असतं. पण नाण्याच्या छंदात आपल्याकडे काय आहे याची गोडी चार दिवस टिकते आणि आपल्याकडे काय नाही याची आग कायम पेटलेली राहते. गुरुजींना ही आग मानवली होती म्हणायची, कारण वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्या छोट्या घरात ती त्यांनी उभी हयात जपली.

त्यांची नाणी जुनी, मातीतून निघालेली वगैरे नव्हती. ती होती टाकसाळीतून नवी कोरी निघणारी. कुणा थोर माणसाच्या किंवा एखाद्या मोठ्या घटनेच्या स्मरणार्थ सरकार अशी नाणी काढतं. मखमली डबीत दोन-तीन नाण्यांचा संच बसवतं, वरून प्लॅस्टिकने सीलबंद करतं आणि नाव नोंदवेल त्याला पोस्टाने पाठवतं. ही नाणी बँकेच्या खिडकीवर येत नाहीत, भाजीवाल्याच्या गल्ल्यात पडत नाहीत. त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. बोट लागलं की डाग पडतो, आणि डबी एकदा फोडली की जमवणाऱ्याच्या लेखी ते नाणं मेलं. गुरुजींकडे असे संच कपाटभर होते. एकाचंही सील त्यांनी तोडलेलं नव्हतं.

या कपाटापायी घरात काय काय सोसावं लागलं ते मीराबाईंना विचारावं. वर्ध्याचा मे महिना कसा असतो हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. पण त्या खोलीत कूलर लावायचा नाही, दमट हवेने नाणी काळवंडतात! डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत, उदबत्ती फिरवायची नाही. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी निघते, ती फेकायची नाही, गुरुजींकडे द्यायची. "नाण्यांना गारवा सोसत नाही आणि मला उकाडा सोसतो," असं मीराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगत. हसणं खरं होतं की नाही, हे गुरुजींनी कधी पाहिलं नाही.

एका पावसाळ्यात टाकसाळीने नव्या संचाची जाहिरात केली. त्यात एक नाणं निम्म्या चांदीचं होतं. ते सुटं मिळणार नव्हतं, फक्त संचात, आणि संचही अगदी मोजके निघणार होते. गुरुजींची झोप उडाली. त्यांच्या मालिकेत आजवर एकही खाडा नव्हता. हा संच चुकला तर कपाटाला भगदाड पडल्यासारखं होणार होतं, आणि ते भगदाड मरेपर्यंत दिसत राहणार होतं.

नोंदणीच्या दिवशी गुरुजी आंघोळ करून, देवाला फूल वाहून संगणकासमोर बसले. पान उघडलं. संच निवडला. पत्ता भरला. शेवटी अटी आणि शर्ती मान्य असल्याची चौकट आली. त्या चौकटीत खूण करण्याआधी माणसं अटी वाचत नाहीत, पण आयुष्यभर पोरांना "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं बजावलेला हा मास्तर. त्याने चष्मा पुसला आणि अटी वाचायला घेतल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. एक कलम कळलं नाही म्हणून परत वाचलं. मग खूण केली, तेव्हा समोर अक्षरं उमटली: साठा संपला. गुरुजी त्या अक्षरांकडे पाहतच राहिले. मीराबाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी ते उठले नाहीत.

एवढंच झालं असतं तर माणूस दोन महिन्यांत सावरला असता. पण कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी त्यांनी मोबाईल उघडला, आणि रोहण्याच्या ऋतिकने टाकलेला फोटो दिसला. घरात ओतलेल्या कापसाच्या ढिगावर तीच मखमली डबी ठेवलेली. खाली लिहिलं होतं, 'आला रे बाप्पा.'

हा ऋतिक म्हणजे रूपरावांचा मुलगा. नोकरीच्या सुरुवातीला गुरुजींची नेमणूक रोहण्याला होती, तेव्हा ते रूपरावांच्या घरी खोली घेऊन राहत. एकट्या मास्तराला रूपरावांच्या बायकोने, देवकाबाईंनी, कित्येक वर्षं ज्वारीची भाकर आणि वरण खाऊ घातलं. पुढे बदली झाली, वर्ध्याला घर झालं, तरी संत्रा निघाला की रूपराव पोतं घेऊन हजर होत. गुरुजींच्या नाण्यांबद्दल त्यांना कौतुक होतं, कळत मात्र काही नव्हतं. मागे एकदा गुरुजींनीच त्यांना सांगितलं होतं की नव्या संचात चांदीचं नाणं येणार आहे. ऋतिकने ते ऐकलं, आणि नोंदणीच्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर उभ्या-उभ्या मोबाईलवर खूण मारून मोकळा झाला. एकही अट न वाचता!

गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने आयुष्य घातलं त्याला नाही, आणि ज्याला नाण्याची पुढची बाजू कुठली हे ठाऊक नाही त्याच्या घरात ते कापसावर लोळतंय. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मखमलीला सरकीचा तूस चिकटला होता. दुसऱ्याच दिवशी ते रोहण्याला गेले. घरी सांगितलं, रूपरावांची तब्येत विचारून येतो. रूपरावांची तब्येत ठणठणीत होती.

"या गुरुजी, या! फोन काऊन नाई केला जी? पोट्ट्याले स्टँडवर पाठवलं असतं ना गाडी घेऊन," रूपराव ओसरीतून उठत म्हणाले.

चहा झाला, पिकाचं झालं, ऋतिकसाठी मुली पाहणं चाललंय तेही सांगून झालं. गुरुजींचं चित्त कशातच नव्हतं. अखेर ऋतिकने डबी आणली. तो मोटर दुरुस्त करता करता उठून आला होता, बोटांना ग्रीस होतं. त्याने डबी गुरुजींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी श्वास रोखला. आत ते नाणं होतं. आरशासारख्या त्या गोल तुकड्यात गुरुजींना ओसरीचे वासे दिसले, दारातला उजेड दिसला, आणि स्वतःचा एक डोळाही दिसला. कपाटातल्या साऱ्या नाण्यांची किंमत त्या क्षणी त्यांच्या लेखी शून्य झाली.

"तुमचा आला का गुरुजी?" रूपरावांनी विचारलं.

"माझा? छे. मी या खेपेला घेतलाच नाही. तेच ते असतं दर वेळी."

"असं," रूपराव म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"घ्या ना जी भाकर. काऊन हात आखडून राह्यले?" जेवायला बसल्यावर देवकाबाई आतून म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये गुरुजी स्वतःशी भांडत होते. एक शब्द टाकला असता तर? रूपराव, हे मला द्या. एवढंच म्हणायचं. पण कपाटभर ज्याच्याकडे आहे त्याने, एकच ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे पदर पसरायचा? आणि तेही 'मी घेतलाच नाही' असं तोऱ्यात सांगून झाल्यावर? जीव गेला तरी बेहत्तर. त्या दिवसापासून गुरुजींनी कपाट उघडणंच सोडलं. उघडलं की सगळ्या डब्या त्यांना दात विचकताना दिसत. जेवताना नाणं, झोपताना नाणं. रूपरावांनी पाठवलेल्या संत्र्यांना हात लावेनात. "आंबट निघालीत," म्हणाले. मीराबाईंनी फोड तोंडात टाकली, तर साखर!

पौषात एका सकाळी रूपरावांचा फोन आला. मीराबाई समोरच सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"गुरुजी, एक विचाराचं होतं," रूपराव म्हणाले. "ऋतिकचं लगन जमलं ना. कारंजाची पोरगी हाय, वर्षाली नाव. आता आमच्या घरी राणीछाप रुपयांची माळ हाय, तुमी पाह्यली असन. सून घरात आली का तिच्या गळ्यात घालत असतेत. पण त्यातला एक रुपया आमच्या मायच्या हातून विहिरीत गेलता. तवापासून ते जागा तशीच हाय. ऋतिकची माय म्हणते, ते डबीतला चांदीचा रुपया तिथे बसवू. सोनार कडी लावून देतो म्हणते. पण वरतून सरकारी शिक्का हाय जी. ते फोडलं तर चालते का?"

गुरुजींच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. डबी फोडणार. बोटांनी नाणं उचलणार. सोनार ते आगीवर धरणार आणि वर कडी डागणार. नाणं कायमचं गेलं! दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर गुरुजी किंचाळले असते. तोंडाशी 'नका' आलंही होतं. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं, गरम, गोड, अंगभर पसरणारं. नाहीतरी मला मिळणार नाही. मग यांच्याकडे तरी का राहावं?

"फोडा की," गुरुजी म्हणाले. "त्यात काय? तुमचीच वस्तू आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर तो इतका सहज निघाला.

"खरंच म्हणता ना गुरुजी? फोडू?"

"अगदी खुशाल फोडा."

"बरं," रूपराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा घोगरा आला, पण रोहण्याच्या बाजूला फोन नेहमीच खरखरतो, म्हणून गुरुजींनी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी गुरुजींना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांनी स्वतः चहा केला आणि मीराबाईंना आणून दिला. असं आजवर घडलेलं नव्हतं. उन्हं कलल्यावर बाजारात जाऊन गोरसपाक बिस्किटं घेऊन आले. राहिलेली संत्री सोलली आणि "गोड आहेत हो," म्हणत एकट्याने संपवली. मीराबाई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहत होत्या.

लग्न उन्हाळ्यात झालं. कारंजाला लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी रोहण्याला सत्यनारायण नि गावजेवण होतं. गुरुजींनी लग्न टाळलं, गावजेवण मात्र टाळलं नाही. नवा सदरा घालून, मीराबाईंना घेऊन ते उत्साहाने गेले. त्यांना ते पाहायचं होतं. खोटं कशाला बोला, एखाद्याने शत्रूच्या घरची पडझड पाहायला जावं तसे ते गेले होते, आणि ज्याच्या घरी गेले तो शत्रू नव्हता हीच तर गंमत.

मांडवात देवकाबाईंनी मीराबाईंना हाताला धरून पुढे नेलं. "बाई, तुमच्या हातानं घाला सुनेले. तुमी आमच्या घरच्याच," त्या म्हणाल्या. मीराबाईंनी वर्षालीच्या गळ्यात माळ घातली. जुने राणीछाप रुपये काळपट, झिजलेले, आणि मधोमध ते नाणं. गुरुजी चार पावलं पुढे सरकले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. आरसा गेला होता. कडी डागली तिथे काठाला निळसर काळा डाग पडला होता. अंगावर बोटांचे ठसे होते, एका बाजूला हळद लागली होती. गुरुजींना समाधान वाटलं. गेले कित्येक महिने छातीवर बसलेली धोंड उतरल्यासारखं झालं. आता ते कुणाचंच नव्हतं.

जेवणाआधी रूपरावांनी माईक हातात घेतला. घेतला तो उलटा, मग ऋतिकने सुलटा करून दिला.

"मंडळी, मले काई भाषण येत नाई. पण एक सांगाचं हाय. सुनेच्या माळेतला जो नवा रुपया चमकून राह्यला ना, तो आमच्या गुरुजीमुळं हाय. गुरुजीजवळ असे गंज पैसे आहेत, कपाट भरून. हाच एक नाई. मले तोंडानं नाई म्हणले ते. म्हणले, मी घेतलाच नाई. पण त्या दिवशी आमच्या ओसरीत बसून त्या डबीकडे कसे पाहून राह्यलते, ते मी पाह्यलं ना! ते गेले अन् म्या ऋतिकच्या मायले म्हणलं, हे आपल्या काय कामाचं? गुरुजीले देऊन देऊ. ते म्हणे, मंग माळेचं कसं? म्हणून म्या गुरुजीलेच फोन लावला. मनात म्हणलं, गुरुजी फोडू नका म्हणतीन, तर तसंच उचलून त्यायच्या घरी नेऊन देईन, माळेत सोनाराजवळचा जुना रुपया टाकू. कोणी दुसरा असता तर काय म्हणला असता? मलेच द्या म्हणला असता! आमचे गुरुजी म्हणले, फोडा, तुमचीच वस्तू हाय. जीव अटकला होता त्यायचा त्याच्यात, तरी म्हणले."  रूपरावांनी माईक खाली केला आणि दुपट्ट्याने डोळे पुसले.

मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी गुरुजींना दंडाला धरून उभं केलं. खांद्यावर नवा दुपट्टा आला, हातात नारळ आला. वर्षाली येऊन वाकून पाया पडली, तेव्हा ते नाणं गुरुजींच्या गुडघ्यापाशी झोके घेत होतं. 'मनात म्हणलं, नेऊन देईन' हे शब्द गुरुजींच्या कानात घण घातल्यासारखे वाजत होते. फक्त 'नका' म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं ते. खरा सल्ला दिला असता, शत्रूलाही द्यावा तसा, तर ते नाणं आज कपाटात असतं, सीलबंद, आरशासारखं.

पण त्याहून वाईट पुढेच होतं. समोर बसलेली माणसं त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेतला गुरुजी कोण, हे त्यांना कळेना. जीव अडकलेली वस्तू दुसऱ्याच्या सुनेसाठी हसत सोडून देणारा, मोठ्या मनाचा तो माणूस रूपरावांच्या घरात कित्येक वर्षं राहत होता, त्याला भाकर मिळत होती, संत्री मिळत होती, आता दुपट्टाही मिळाला. आयुष्यभर नरहर गुरुजींनी पुष्कळांचा हेवा केला होता. त्या दुपारी रोहण्याच्या मांडवात उभं राहून त्यांनी त्या दुसऱ्या नरहर गुरुजींचा जेवढा हेवा केला, तेवढा कुणाचाच केला नव्हता.

"दोन शब्द बोला गुरुजी," ऋतिकने माईक पुढे केला. पंधरा ऑगस्टला पोरं उन्हात चक्कर येऊन पडेपर्यंत बोलणारा हा माणूस. त्याने "सुखी राहा," एवढंच म्हटलं आणि खाली बसला. लोकांना तेही मोठेपणाचं वाटलं.

परतताना वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुपट्टा गुरुजींनी घडी करून पिशवीत कोंबला होता. बाहेर उन्हाने भाजलेली रिकामी वावरं मागे पळत होती.

"तो फोन आला तेव्हा मी समोरच होते," मीराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "फोडा म्हणालात ते मी ऐकलं. फोडल्यावर नाण्याचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. इतके उन्हाळे उकडून घेतलं ते त्याच्याचसाठी."

गुरुजींनी दुपट्ट्याची पिशवी पायाखाली सरकवली.

"मला वाटलं, अडवावं तुम्हाला. पण तुम्ही फोन ठेवलात आणि मी तुमचं तोंड पाहिलं. इतके खूश तुम्ही मला लग्नातसुद्धा दिसला नव्हतात. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मला वाटलं, ते नाणं तुम्हालाच मिळालं."

बस एका फाट्यावर थांबली. चार माणसं चढली, दोन उतरली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा गुरुजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मिळालंच होतं गं."